कापलेले तीन मार्क

नागलिंगम मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा मी विंटर टायर बसवून घेण्याच्या रांगेत होतो. क्विबेकमध्ये डिसेंबरच्या मध्यापर्यंत हे टायर लावले नाहीत तर दंड होतो, आणि अगदी शेवटच्या दिवशी गॅरेजकडे धावत सुटणाऱ्या लोकांत दर वर्षी मी असतोच. माझी गाडी नुकतीच वर उचलली होती, मेकॅनिक फ्रेंचमध्ये माझ्यावर कशावरून तरी खेकसत होता, आणि फोन वाजला. वासुकीचा, म्हणजे मास्तरांच्या भाचीचा. "नंतर करतो गं, टायरचं चाललंय," असं म्हणून मी ठेवून दिला. तिने पुन्हा केला. मी कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती रडत नव्हती. सपाट आवाजात म्हणाली, "अंकल, मामा गेले. सकाळी, कामावर, लाँड्रीत. तुम्ही टायर लावून या. आता घाई नाही."

खरंच नव्हती. त्याआधीचं वर्षभर मात्र आम्ही सगळे घाईत होतो. मास्तरांच्या पत्नी, रासम्मा अक्का, तमिळनाडूत त्रिचीला बहिणीच्या घरी थांबून होत्या. त्या कॅनडात याव्यात, एवढं एकच मास्तरांना आयुष्याकडून हवं होतं. त्या आल्या नाहीत. का आल्या नाहीत याचं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझं नाव पुन्हा पुन्हा येतं. मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालमधल्या मराठी मंडळींत मी गोष्टी रंगवून सांगणारा म्हणून प्रसिद्ध आहे. स्वतःच्या फजित्या सांगून चार माणसांना हसवणं हा माझा जुना उद्योग. म्हणूनच वासुकी म्हणाली, मामांवर तुम्हीच लिहा. मी हो म्हणून बसलो आणि मग कळलं की या एका गोष्टीत मला रंगाच्या डबीला हात लावता येणार नाही. तेव्हा वाचकहो, लेख फिका वाटला तर तेवढं समजून घ्या.

आमची ओळख झाली फ्रेंचच्या वर्गात. माझी नोकरी गेली होती, आणि फ्रेंच येत नाही म्हणून दुसरी मिळत नव्हती. सरकारी वर्गात जाऊन बसलो तर शेवटच्या बाकावर साठी उलटलेला एक सडपातळ, काळासावळा माणूस पेन्सिलीला टोक करत बसलेला. मी शेजारी बसलो आणि हिंदीत सुरू झालो : चेन्नईचे का, कधी आलात, इडलीचं पीठ कुठे मिळतं… पाच मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. मग इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "सर, मला हिंदी येत नाही. मी श्रीलंकेचा. पण तुम्ही बोला, आवाज चांगला आहे." ही पहिली चूक. दुसरी त्याच दिवशी बसस्टॉपवर केली. श्रीलंका म्हटल्यावर मला एकदम आठवलं, आणि मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की माझा मामेभाऊ भारताने पाठवलेल्या शांतिसेनेत होता, तिकडे तुमच्याकडे, जाफन्याला! मास्तरांनी मफलर नीट केला. विचारलं, "परत आला ना तो नीट?" मी म्हटलं, हो तर, पुण्यात असतो, नातवंडं आहेत. "चांगलं झालं," ते म्हणाले, आणि बस आली. तेवढंच. त्या वर्षांत शांतिसेनेच्या हातून त्यांच्या गावात काय झालं होतं ते मला पुष्कळ नंतर वासुकीकडून कळलं. मास्तर स्वतः त्यावर कधीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून ते मला 'सर' सोडून 'तंबी' म्हणू लागले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी तो मान समजलो. आता वाटतं, धाकट्या भावाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, म्हणूनही असेल.

मास्तर तीस वर्षं भूगोल शिकवत होते. श्रीलंकेच्या उत्तरेला जाफन्याचं द्वीपकल्प आहे, आणि त्याला मुख्य भूमीशी जोडणारी एक चिंचोळी वाट आहे. दोन्ही बाजूंना खाडी, मध्ये मिठागरं. तिला एलिफंट पास म्हणतात. मास्तरांची शाळा त्याच भागात. तमिळ बंडखोर आणि सरकारी लष्कर यांच्यात पाव शतकाहून अधिक चाललेल्या यादवीत ती वाट ज्याच्या हातात त्याच्या हातात उत्तर, असा हिशेब होता. त्यामुळे तिच्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त सांडलं. आता मी पडलो लढायांवर पोसलेला माणूस. कोणती फौज कोणत्या अंगाने आली, कुणी कुणाची रसद तोडली, हे मला शाळेत पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यात माझ्या शेजारी साक्षात रणभूमीवरचा माणूस येऊन बसलेला! फ्रेंच क्रियापदं बाजूला राहिली. रोज वर्ग सुटला की मी त्यांच्या मागे.

"मास्तर, तुम्ही ते सेनापती कधी प्रत्यक्ष पाहिलेत का?"

"पाहिलेत? तंबी, मी त्यांना बाकावर उभं केलंय."

जगाच्या वर्तमानपत्रांत ज्यांची लढाईतली टोपणनावं छापून यायची त्यांतले काही मास्तरांना हजेरीपटावरच्या नावांनी माहीत होते. हा वर्गात गप्प असायचा. त्याला खाऱ्या वाऱ्यांची दिशा कधी लक्षात राहिली नाही. तो तिसरा दुसऱ्याच्या डब्यातला मासा चोरायचा आणि पुढे त्याच्या हाताखाली शेकडो पोरं होती. तिकडे बंडखोरांना 'पोरं' असंच म्हणायचे, म्हणाले. आणि समोरच्या बाजूचे? मी उत्सुकतेने विचारलं. "समोरचा सेनापतीसुद्धा कुणाच्या तरी वर्गात बसलेलाच ना, तंबी? त्याच्या मास्तरांना विचारायला हवं." शेवटची लढाई झाली तेव्हा मास्तर आणि अक्का स्वतः समुद्रकाठच्या त्या अरुंद पट्टीत अडकले होते, लाखो माणसांबरोबर. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "तिथे भूगोल संपला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये आम्ही. खाली वाळू." पुढे छावणी, मग ताटातूट, अक्का होडीने भारतात पोचल्या, मास्तर वेगळ्या, फार लांबच्या वाटेने कॅनडात. इथे त्यांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाली होती. एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी घडी करायचं काम होतं. कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरलेला होता, आणि त्याच अर्जात दुसऱ्या ओळीवर अक्कांचं नाव होतं. अर्ज मंजूर, की अक्का विमानात. इतकं सरळ होतं ते.

नकाशाची गोष्ट त्यांनी मला एका दुपारी, वर्ग सुटल्यावर कॅफेटेरियात सांगितली. एलिफंट पासवरच्या पहिल्या मोठ्या हल्ल्याच्या आधीची. गुणा नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. शाळा सोडून पोरांत गेला होता, एका तुकडीचा नायक झाला होता. एक दिवस तो मास्तरांच्या घरी आला. हातात ड्रॉइंगच्या कागदाची गुंडाळी. "सर, जरा बघून द्याल?" त्याने त्या भागाचा नकाशा काढला होता. मिठागरं, खाडी, रस्ता, लष्कराचा तळ, सगळं नीट, प्रमाणात. मास्तरांनी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं.

"लाल पेन?" मी विचारलं.

"शिक्षकाचा हात, तंबी. कागद समोर आला की चालतो." त्यांनी दहापैकी सात मार्क दिले. तीन कापले. खाली शेरा लिहिला : उंचवटे दाखवलेले नाहीत. गुणा खूश झाला, सात म्हणजे मास्तरांकडे भरपूर होते. अक्कांनी त्याला चहा दिला. तो गेला. "आणि मग मला झोप लागेना. उंचवटे त्याने दाखवले नव्हते कारण तिथे उंचवटे नव्हतेच. सगळं सपाट, उघडं. झाड नाही, बांध नाही, लपायला हाताएवढी जागा नाही. नकाशा बरोबर होता. मी दहापैकी दहा द्यायला हवे होते आणि खाली लिहायला हवं होतं, इथे जाऊ नका."

गुणा आणि त्याचे सोबती गेले. बुलडोझरना पत्रे ठोकून त्यांच्या आडोशाने त्या उघड्या मैदानात गेले. तळावरून गोळीबार होत राहिला, लष्कराची कुमक समुद्रातून उतरली, आणि हल्ला मोडला. गुणाच्या तुकडीत मास्तरांच्या वर्गातली बरीच मुलं होती. नऊ वर्षांनी पोरांतल्याच दुसऱ्या लोकांनी दुसऱ्या नकाशांवर तोच तळ घेतला, आणि सगळ्या जगात त्या विजयाची चर्चा झाली. त्याच्याशी मास्तरांचा काडीचा संबंध नव्हता. ते तेव्हा आठवीला ढगांचे प्रकार शिकवत होते.

हे सगळं ऐकून मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मास्तर, जबरदस्त स्टोरी आहे!" त्यांनी आपला आणि माझा, दोन्ही पेले उचलले आणि धुवायच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवले.

आता आमच्या मराठी मंडळाकडे वळतो. आमची वसंत व्याख्यानमाला असते. लव्हालमध्ये वसंत म्हणजे बर्फाचे ढीग काळे पडलेले असतात आणि लोकांना घराबाहेर पडायला निमित्त हवं असतं. चर्चच्या तळघरातला हॉल भाड्याने घ्यायचा, एक वक्ता, एक शाल, एक नारळ, नंतर पुलाव. त्या वर्षी टोरांटोचा वक्ता ऐनवेळी आजारी पडला. मी चिटणीस. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना मी छाती पुढे काढून म्हणालो, माझ्याकडे असा माणूस आहे की तुम्ही टोरांटोला विसराल. पत्रकही मीच छापलं : 'एका यादवी युद्धातल्या प्रमुख लढाया आणि सेनापती.' मास्तर नको म्हणत होते. "मी काय बोलू, तंबी? मला लढाया येत नाहीत." मी हातापाया पडलो. दोन दिवसांनी ते म्हणाले, "बरं. सेनापतींवर नाही, पण मुलांवर बोलेन. कुणीतरी ऐकायला हवं एकदा."

ज्यांनी आपले मराठी कार्यक्रम पाहिलेत त्यांना सांगायला नको की आपल्याकडे व्याख्यानापेक्षा मोठी गोष्ट असते पाहुण्यांचा परिचय. पाहुणा काय बोलतो ते बोलतो. परिचय करून देणाऱ्याने मात्र त्याला डोंगराएवढा करून ठेवायचा, मग त्याने त्या डोंगरावरून उतरून यायचं. या कलेत माझा हात धरणारा मॉन्ट्रियलच्या परिसरात नाही. माझी बायको मेधा म्हणते, "तुम्ही परिचय करून दिलात की पाहुणा स्वतःलाच ओळखत नाही." साध्या दातांच्या डॉक्टरांना मी मुखारोग्यातले क्रांतिकारक केलेलं आहे. ते बिचारे हसून शाल घेतात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मास्तरांना कळावं म्हणून त्या दिवशी मी परिचय इंग्रजीत केला. मराठीत केला असता तर… हा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता तो झिजून गेलाय. मी उभा राहिलो, समोर साठ-सत्तर माणसं, आणि मला खरी गोष्ट सांगवेना. हरलेल्या हल्ल्याची गोष्ट परिचयात कशी सांगायची? सात मार्क, उंचवटे, चहा… यावर टाळी कुठे घेणार? मग मी काय केलं, तर लढाईच बदलली. नऊ वर्षांनंतरची जिंकलेली घेतली. गुणालाही गाळला. "मित्रहो," मी म्हणालो, "ज्या नकाशाने एलिफंट पासची लढाई जिंकून दिली, तो नकाशा ज्या हातांनी काढला, ते हात आज आपल्यासमोर आहेत!" काय टाळ्या पडल्या! मास्तर खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळा मारला. शाल घातली, नारळ दिला, आणि पुलाव किती गरम आहे ते बघायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे भांडं उघडायला कुणी नव्हतं, कागदी ताटल्या कमी पडत होत्या, कोशिंबिरीला मीठ नव्हतं. चाळीस मिनिटं मी तिकडेच होतो. दाराआडून मास्तरांचा आवाज येत होता, एका लयीत, शाळेत हजेरी घ्यावी तसा. शब्द ऐकू येत नव्हते.

गाडीत आमची बारा वर्षांची ईरा मागून म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड. ही सेड दे लॉस्ट."

"अगं, परिचयात तेवढं चालतं."

"ही सेड युअर इंट्रो वॉज राँग. ही वॉज सो पोलाइट अबाउट इट."

मेधाने मान डोलावली, म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मी रेडिओ लावला.

मोबाइल मी स्टँडवर लावून ठेवला होता, त्यात सगळा कार्यक्रम आला होता. पण इंटरनेटवर पाऊण तासाचं भाषण कोण बघतं? म्हणून मी त्यातली सहा मिनिटं कापून तेवढीच वर चढवली. कोणती सहा? माझा परिचय, शाल, आणि टाळ्या. वर ठळक अक्षरांत मास्तरांचं पूर्ण नाव आणि 'विजयाच्या नकाशाचे शिल्पकार'. चांगली दोनअडीचशे माणसांनी पाहिली. मी रोज आकडा बघायचो.

आठ महिन्यांनी मास्तरांचा फोन आला. "तंबी, एक पत्र आलंय. मला नीट समजत नाही. वाचायला येतोस?" मी गेलो. वासुकीच्या घरी स्वयंपाकाच्या टेबलावर पत्र ठेवलं होतं, कोपरे जुळवून. इमिग्रेशन खात्याचं : अर्जाच्या संदर्भात मुलाखतीला यावे. इंटरनेटवरील एका चित्रफितीत अर्जदाराने सशस्त्र संघटनेच्या लष्करी कारवाईत भाग घेतल्याचे म्हटले आहे, त्याबाबत खुलासा करावा. मी ते दोनदा वाचलं. मास्तर म्हणाले, "चहा घेणार?"

घाबरलेला माणूस जे करतो ते मी घरी जाऊन केलं, फक्त जास्त मन लावून. चित्रफीत इंटरनेटवरून काढली. मोबाइलमधून मूळ रेकॉर्डिंग पुसलं. कॉम्प्युटरवर होतं ते पुसलं, कचऱ्याच्या फोल्डरमधून पुसलं, क्लाउडवर आपोआप गेलेली प्रत शोधून तीही पुसली. मागमूस ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या वकीलबाईंकडे गेलो आणि हे सगळं जवळजवळ शाबासकीच्या अपेक्षेने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पूर्ण भाषणात ते काय म्हणाले होते?"

"म्हणाले होते म्हणे, की मी परिचयात सांगितलं ते चूक आहे. नकाशा त्यांचा नव्हता, आणि ती लढाई हरली होती."

"म्हणजे ज्या एका गोष्टीने ही केस सुटली असती, ती तुमच्याजवळ होती."

"हो."

"आणि आता?"

आता सहा मिनिटं खात्याच्या फाईलमध्ये होती, आणि बाकीची चाळीस कुठेच नव्हती. शिवाय पत्र मिळाल्याबरोबर चित्रफीत नाहीशी झाली, हे दुसऱ्या पत्रात विचारलं गेलंच. वकीलबाईंनी श्रोत्यांची पत्रं मागवली. मी घरोघर फिरलो. आपली माणसं चांगली, लगेच लिहून दिली. एकाने लिहिलं, भाषण अत्यंत ओघवते होते. दुसऱ्याने लिहिलं, कार्यक्रमाचे नियोजन उत्तम होते. तिसऱ्याला पुलाव आठवत होता. ईराने मात्र पानभर नीट लिहिलं, पण बारा वर्षांच्या मुलीचं पत्र, तेही चिटणिसाच्या, कितपत धरणार? माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र मी चार पानी लिहून नेलं. वकीलबाईंनी त्यातलं एक वाक्य ठेवलं : परिचयात मी खोटे बोललो. "तुम्ही याहून जास्त काही लिहू नका," त्या म्हणाल्या, "प्लीज."

मुलाखतीला मी बाहेर बाकावर बसलो होतो. अडीच तासांनी मास्तर बाहेर आले. काय विचारलं? "विचारलं, हा माणूस चुकीचं बोलत होता तर तुम्ही तिथल्या तिथे उठून का अडवलं नाही."

"मग?"

"मी सांगितलं, मी पाहुणा होतो."

त्यानंतर फाईल 'विचाराधीन' झाली. महिने जात राहिले. मास्तर चादरी घडी करत होते, त्रिचीला अक्का सत्तरीकडे चालल्या होत्या, आणि मी दर आठवड्याला मास्तरांकडे जाऊन त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून बसत होतो. ते मला फ्रेंच क्रियापदं विचारायचे. एकदा मला अगदीच असह्य झालं. म्हटलं, मास्तर, माझ्या थोबाडीत तरी मारा. त्यांनी वही मिटली. "तंबी, मी गुणाला चहा पाजून पाठवला. मी तुला काय बोलू?"

पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच. एका डिसेंबरच्या सकाळी लाँड्रीत, गरम चादरींच्या ढिगाशी ते खाली बसले आणि उठले नाहीत.

अक्कांना व्हिसा मिळायला वेळच नव्हता. दहनगृहात आम्ही नऊ माणसं होतो. अक्कांनी फोनवरून बघायचं ठरलं, आणि मोबाइल धरायचं काम, दुसरं कुणाचे हात मोकळे नव्हते म्हणून, माझ्याकडे आलं. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून शवपेटीजवळ उभा राहिलो. पडद्यावर अक्का दिसत होत्या, पांढऱ्या साडीत, मागे निळी भिंत. त्यांनी हात जोडले, ओठ हलत होते. बराच वेळ त्या तशाच बघत होत्या. मग हळूच आवाज आला, "तंबी… दुसरीकडे कर. मला तू दिसतोयस." मी कॅमेरा उलटा धरला होता. पाच-सात मिनिटं त्या बाईने आपल्या नवऱ्याऐवजी माझ्या तोंडाला हात जोडले होते. मी बटण शोधेपर्यंत पेटी आत सरकायला लागली होती. या प्रसंगाची गंमत करून सांगायचा मी घरी मनातल्या मनात प्रयत्न करून पाहिला. सवयीने. झाली नाही.

जानेवारीत पत्र आलं, दोन ओळींचं. अर्जदाराच्या मृत्यूमुळे अर्ज बंद करण्यात येत आहे. दुसऱ्या ओळीवरचं नाव पहिल्याबरोबरच गेलं. वासुकीने पत्र घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "मामीला तुम्ही सांगाल? मला नाही जमणार."

रविवारी सकाळी, म्हणजे त्रिचीच्या संध्याकाळी, मी फोन लावला. अक्कांना तुटक पण स्वच्छ इंग्रजी येतं, मिशनच्या शाळेत शिकलेलं. पत्राचं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, जणू दूधवाला येणार नाही असं मी कळवत होतो. मग म्हणाल्या, "तंबी, त्यांनी तुमच्या हॉलमध्ये मुलांबद्दल भाषण केलं होतं. मला म्हणाले होते, पहिल्यांदाच सगळ्यांची नावं घेतली मी. माझ्याकडे त्यांचा आवाज नाही कुठे. तेवढं पाठवशील?"

माझ्या मुलांनाही पुरून उरतील इतक्या थापा मी आयुष्यात मारल्या आहेत. तेव्हा मला सहज काही सांगता आलं असतं. मोबाइल हरवला, रेकॉर्डिंग झालंच नाही… मी सगळं सांगितलं. लढाई बदलली ते, डोळा मारला ते, सहा मिनिटं कापली ते, उरलेलं पुसलं ते. मास्तरांनी त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त 'फाईल अडकली आहे' एवढंच. मला वाटलं त्या फोन ठेवून देतील. ठेवायलाच हवा होता.

"म्हणजे तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

"हो, अक्का."

मग म्हणाल्या, "तू होतास ना तिथे. तूच सांग. काय बोलले ते? पहिलं नाव कुणाचं घेतलं?"

खरं सांगतो, माझी जीभ वळवळली. गुणाची गोष्ट मला माहीत होती, मास्तरांची बोलायची ढब मला येते. पाऊण तास नाही, दोन तासांचं भाषण मी उभं केलं असतं, आणि अक्कांना ते आवडलं असतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, अक्का. मी पुलाव बघायला गेलो होतो."

त्या हसल्या की त्यांना खोकला आला, फोनवर कळलं नाही. "मग लिहायला घे," म्हणाल्या. "मी सांगते. सगळे माझ्या घरी जेवलेत. पण एकदम नाही सांगणार, माझ्याने होत नाही. एका रविवारी एक."

मी ईराची एक कोरी वही घेतली. आतापर्यंत तीन झाले. त्या सांगतात, मी लिहितो. मध्ये बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, वाक्य सुधारत नाही. गेल्या रविवारचा मुलगा चौदा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या घरी यायचा. नाव इथे देत नाही, अक्का नको म्हणाल्या. तो नकाशात उत्तर दिशा नेहमी खाली काढायचा. मास्तर दर वेळी मार्क कापायचे, दर वेळी तो तसंच काढायचा. शेवटी मास्तरांनी विचारलं, का रे? तर म्हणाला, सर, आमच्या घराचं दार दक्षिणेला आहे, मी बाहेर पडतो तेव्हा उत्तर माझ्या पाठीशी असते… अक्का तिथे थांबल्या. मी पेन धरून बसून राहिलो. मग त्या म्हणाल्या, "एवढंच. पुढचं पुढच्या रविवारी," आणि फोन ठेवला.